भावनाच्या बाटलीवरची साय

१

दूध टिकलीच्या बोटभर खाली उतरलं होतं.

टिकली भावनाची. सकाळी मदर्स रूममध्ये दूध काढून झालं, फेस बसला, तेव्हा तिने ती स्वतःच्या कपाळावरून काढली आणि दूध जिथवर होतं तिथे बाटलीला बाहेरून चिकटवली. झाकण मी माझ्या हाताने घट्ट केलं. आता दुपारी आम्ही दोघी फ्रिजच्या काचेच्या दारातून त्याच बाटलीकडे बघत होतो. तिच्या बाळाला त्यातलं अजून काहीच दिलेलं नव्हतं. त्याची आधीची बाटली चालू होती.

"पाहिलं ना ताई? आता तरी म्हणा, मी येडी नाही म्हणून."

"म्हणते," मी म्हटलं.

रायपूरच्या शंकर नगरातल्या त्या हॉस्पिटलच्या नर्सरीत आमची दोघींची बाळं होती. माझी मुलगी, तिचा मुलगा. दोघंही वेळेच्या आधी आलेली, दोघांच्याही नाकातून पोटात बारीक नळी गेलेली. आयांनी दूध काढायचं, आपल्या नावाच्या बाटलीत भरायचं. सिस्टर ती बाटली फ्रिजमध्ये ठेवणार आणि वेळ झाली की नळीतून बाळाला देणार. मी ब्राह्मणपाऱ्यातून सासूबाईंबरोबर रिक्षाने यायची, कारण माझा नवरा पराग सकाळीच नया रायपूरची बस पकडून मंत्रालयात जायचा. भावना बीरगांवहून यायची. तिचा लोकेश उरल्याच्या एका कारखान्यात होता.

मला घरी काही सुचत नसे, म्हणून मी तिथेच बसून सगळ्यांकडे बघत राहायची. मशीनची टिकटिक, कोणाच्या पायांचा आवाज, कुठलं दार किती वेळ उघडं राहिलं, सगळं. आईपण म्हणजे पहारा, असंच मला त्या दिवसांत वाटायचं.

भावनाला दूध भरपूर. बाटली काठोकाठ. तरी तिच्या मुलाचं वजन काही वाढेना. डॉक्टर बुचकळ्यात पडले होते. "दूध पोटभर जातंय, पचतंय, तरी अंगाला लागत नाही. मंगळवारपर्यंत बघू, नाहीतर डब्याचं सुरू करू." तिची सासू भेटीच्या वेळेला यायची आणि सगळ्यांसमोर म्हणायची, "पाणी हाय तुह्या दुधात. नुसतं पाणी."

 आता भावना बाटलीकडे बघत हळूच म्हणाली, "पण ताई, ज्यात काहीच नाही, ते दूध कोणी चोरून काहून नेईन?"

२

नर्सरीच्या त्या फ्रिजला तिघींचेच हात लागायचे.

प्रेमला सिस्टर सगळ्यांच्या वरच्या. माहेर नागपूरचं, आवाज मऊ. पहिल्या दिवशी मी भिंतीला टेकून रडत होते तेव्हा त्यांनीच मला खुर्ची आणून दिली होती. मी त्यांना दुधाचं विचारलं तर हसल्या.

"फेस बसला की दूध खाली गेल्यासारखं दिसतं, बाळा. तू कुठे त्या भावनाच्या नादाला लागतेस? तिला घरी छळतात, म्हणून तिला असलं काहीबाही दिसतं."

 पण आम्ही टिकली फेस बसल्यावर लावली होती.

सुशीला आया बाटल्या उकळायची. तिने माझा प्रश्न पुरता ऐकूनही घेतला नाही.

"हव बहिनी, मैंच चोर! इहां कुछू घलो गंवाही त सुशीला चोर!" ती चिमटा भांड्यावर आपटत आपल्या बोलीत म्हणाली. इथे काहीही हरवलं की चोर तीच. मग आवाज खाली आणून, "दूध ला मैं का करहूं? मोर नाती मन चाय पीथें." तिची नातवंडं चहा पिणारी, दूध नेऊन ती काय करणार.

राहिली सोनिया. नवी नर्स, जेमतेम माझ्या वयाची. तिला मी संध्याकाळी ड्युटी संपताना फ्रिजमधून स्टीलचा एक डबा काढून पर्समध्ये घालताना पाहिलं होतं. एकदा नाही, रोज. मी जिन्यात तिला गाठलं.

"सोनिया, डब्यात काय असतं?"

तिचा चेहरा लाल झाला. "दूध है, दीदी."

"कोणाचं?"

"मेरा!" ती जवळजवळ ओरडली. "मेरा बच्चा छह महीने का है, घर पर सास के पास रहता है. यहाँ निकालती हूँ, उसके लिए ले जाती हूँ. अब इसके लिए भी परमिशन लूँ क्या आपसे?"

ती धडधड जिना उतरून गेली. खरं बोलत असावी, असं मला वाटलं. पण खरं बोलणाऱ्या माणसाला पर्स इतकी छातीशी धरावी लागते का, असंही वाटलं.

त्याच संध्याकाळी बाळाला छातीशी धरून बसायची सासूबाईंची पाळी होती. उघड्या छातीशी बाळ, वरून शाल. त्यांनी पोरीच्या कपाळाला नाक लावलं, डोळे मिटले, आणि एकदम माझ्याकडे बघून हसल्या.

"स्नेहल, बघ ग! पोट्टीच्या अंगाला काकवीसारखा वास येऊन राहिला. मेथीचे लाडू लागू पडले बरं तुला!"

मी हसले. 

मी त्यातला एकही लाडू खाल्ला नव्हता.

३

मला मेथी सोसत नाही. बाळंतपणानंतर तर तिचा वास आला तरी पोटात ढवळायचं. सासूबाई पहाटे उठून लाडू वळायच्या, डबा माझ्या हातात द्यायच्या, त्यांना नाही कसं म्हणणार? मी तो डबा रोज मदर्स रूममध्ये भावनाला द्यायची. ती दोन बोटांनी तूप निपटून खायची आणि म्हणायची, "तुमच्या सासूच्या हाताला चव हाय ताई. जिभेले नसली तरी."

आईने मेथी खाल्ली की बाळाच्या घामाला, लंगोटाला असा करपलेल्या गुळाचा वास येतो, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. भावनाच्या मुलाच्या दुपट्याला तो येतच होता. मी कितीदा घड्या घातल्या होत्या त्याच्या दुपट्यांच्या. आता माझ्या मुलीला तोच वास. आजवर तो मला त्या दुपट्यांचाच वाटला होता.

मी बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि आरशात बघत सगळं एकापुढे एक मांडलं. माझी बाटली कधीच भरत नव्हती, तळाशी थोडं दूध, बस. तरी प्रेमला सिस्टर रोज म्हणत, "पुरतंय, बाळा. काळजी करू नको." ते कसं पुरतं, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. मला पुरायला हवं होतं, म्हणून मी मानलं होतं की पुरतं.

चोरीचं दूध कुठे जातं ते मला कळलं होतं. ते माझ्या मुलीच्या पोटात जात होतं.

आणि तिचं वजन वाढत होतं.

त्या रात्री मला झोप नव्हती. पराग शेजारी थकून झोपला होता. मी स्वतःला सांगत होते, भावनाकडे भरपूर आहे, तिचं काय जातं? दोन आठवड्यांत आपण घरी जाऊ. कोण विचारणार आहे? लगेच दुसरीकडून ती डोळ्यांपुढे यायची, कपाळावर टिकलीचा पांढुरका डाग घेऊन, स्वतःच्या दुधाला पाणी समजणारी.

पण एक गोष्ट बसत नव्हती. भावनाचा मुलगा तर पोटभर पीत होता. डॉक्टरच म्हणाले होते. मग तो वाढत का नव्हता?

४

त्या रविवारी, आम्ही आल्यापासून पहिल्यांदाच, प्रेमला सिस्टर सुट्टीवर होत्या. सोनिया आणि सुशीला दोघीच होत्या.

दुपारी सोनिया आली. जिन्यातल्या बोलण्यामुळे ती माझ्या डोळ्यांत बघत नव्हती.

"दीदी, आपका दूध कम पड़ रहा है. थोड़ा और निकालिए ना, नहीं तो बेबी का फीड आधा रह जाएगा."

नर्सरीत आल्यापासून मला पहिल्यांदा कोणीतरी हे सांगत होतं. मी उठून फ्रिजच्या काचेशी गेले. भावनाची बाटली आत होती. दूध टिकलीला टेकलेलं, तसूभरही हललेलं नव्हतं.

पण मी बघत राहिले ते दुसरंच. दुधावर पिवळसर जाड थर जमला होता, आपल्या घरच्या दुधावर येतो तसा. साय. माझ्या एवढ्याशा दुधावर तो रोज यायचा. भावनाच्या बाटलीवर मी तो आजवर कधीच पाहिला नव्हता. आत्तापर्यंत तिचं दूध दुपारी बघावं तर निळसर, एकसारखं.

"सोनिया, दूध देताना तू बाटली हलवतेस?"

"हाँ, धीरे से घुमा लेती हूँ. मलाई ऊपर आ जाती है ना."

"आणि प्रेमला सिस्टर?"

"वो नहीं हिलातीं. कहती हैं झाग बनता है, फिर नली में हवा जाती है." तिने खांदे उडवले. "सीनियर हैं. मैं क्या बोलूँ?"

 फ्रिजमध्ये उभ्या राहिलेल्या दुधातून कोणी न हलवता वरचं ओतून घेतलं, तर आधी काय जातं? साय जाते. रोज साय जायची ती माझ्या मुलीला. खालचं राहायचं ते भावनाच्या मुलाला. पोटभरच, पण साय गेलेलं. डॉक्टरांचं कोडं तिथेच होतं, काचेच्या दारामागे, आणि ते सोनियाच्या हातून घडलं नव्हतं, सुशीलाच्याही नाही. त्या दोघी तर आज इथेच होत्या.

सोमवारी सकाळी मी मुलीच्या कपाळाला नाक लावलं. काकवीचा वास गेला होता.

५

"सिस्टर, आज माझ्या मुलीला मेथीचा वास येत नाही."

प्रेमला सिस्टर कापसाचे बोळे करत होत्या. त्यांचे हात थांबले. त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही. स्टूल ओढून बसल्या.

"पहिल्या आठवड्यात तुझ्या पोरीला डब्याचं दूध पचत नव्हतं. पोट फुगायचं तिचं, आठवतं? तू तिकडे रडून राहिली होतीस, तुला दूध येईना. आणि हिची बाटली काठोकाठ. तिचं पोरगं अर्धंच पितं, उरलेलं आम्ही मोरीत ओततो. मोरीत ओतायचं ते एका जिवाला दिलं. यात काय पाप केलं मी?"

"आणि तिच्या तपासण्या? दुधातून आजारही जातात ना?"

"बाळंतपणात झालेल्या. पाहिले मी कागद."

"तेही तिला न सांगता."

त्यांनी एक बोळा उचलून हातात घेतला.

"तुम्ही उरलेलं नाही घेतलं, सिस्टर. तुम्ही वरचं घेतलं." आणि मी रविवारची साय सांगितली.

त्यांनी मान वर केली नाही. हातातला बोळा दाबत राहिल्या, दाबत राहिल्या. मग उठून फ्रिज उघडला, भावनाची बाटली काढली, उजेडात धरली. तेवीस वर्षं नर्सरीत काढलेली बाई. मला वाटलं, त्या आता काहीतरी कारण देतील. त्यांनी बाटली परत जागेवर ठेवली.

"लेकराची साय काढली मी," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

"सिस्टर, तिला नुसतं विचारायचं तरी होतं. का नाही विचारलं?"

"न विचारता कसं करीन ग मी?" त्या कळवळून म्हणाल्या. "विचारलं होतं."

"भावनाला?"

"नाही. तुझ्या सासूबाईंना."

६

सासूबाई वेटिंग हॉलमध्ये माळ ओढत बसल्या होत्या. माझा चेहरा बघून त्यांनी माळ पिशवीत टाकली.

"सिस्टर म्हणाल्या, दुसऱ्या बाईचं दूध आहे, द्यायचं का? मी म्हटलं, द्या. फक्त कोणाचं ते मला सांगू नका."

"का, आई?"

त्यांनी पदर नीट केला.

"कळलं असतं तर कदाचित नाही म्हणावं लागलं असतं. आणि नाही म्हणायची हिंमत नव्हती माझी. पोट्टी निळी पडून राहिली होती, स्नेहल."

मी त्यांच्याशेजारी बसले. रागवायचं ठरवून आले होते, पण राग धरवेना. दूध घेणाऱ्या घराला विचारणं झालं होतं. आमचं सोवळं, आमची भीती, आमची अडचण, सगळ्याला जागा ठेवली गेली. जिच्या अंगातून ते निघत होतं, तिला विचारायचं असतं हे मात्र कोणाच्या मनातही आलं नव्हतं.

"आता तिला सांगशील," सासूबाई हळू म्हणाल्या, "मग उद्यापासून आपली पोरगी काय पिणार?"

 मी उठले ते उत्तर न शोधताच उठले. शोधत बसले असते तर तिथेच बसून राहिले असते.

मदर्स रूममध्ये भावना बाटलीला टिकली लावत होती. मी दार लोटून घेतलं आणि सगळं सांगितलं. लाडवांचं, वासाचं, सायीचं, सिस्टरचं, सासूबाईंचं. काही गाळलं नाही. ती ऐकत होती, पापणी न हलवता.

मला वाटलं, ती ओरडेल. तिने विचारलं ते एवढंच:

"मंग माह्यं दूध चांगलं हाय?"

"चांगलं? माझी मुलगी त्याच्यावर जगली, भावना."

ती तोंडावर पदर दाबून रडली. खूप रडली. मग पदर खाली घेतला आणि तिचा आवाज बदलला.

"गायीलेबी आधी वासरू सोडतेत ताई. वासराचं झालं का मंग भांडं लावतेत. मले गायीएवढंबी नाही समजले का कोणी? मी रोज त्याचं वजन आयकून घरी जात होती. सासू बोलून राहिली, मी आयकून राहिली. अन् तुम्ही सारे..."

ती थांबली. "तुम्ही" शब्दावर माझ्याकडे बघून थांबली.

"आता नाही देत. कोणालेच नाही."

"बरं," मी म्हटलं.

"बरं काहून म्हणता? तुमचीबी पोट्टी हाय ना तिथं?"

"आहे. पण दूध तुझं आहे."

७

प्रेमला सिस्टर स्वतःच डॉक्टरांकडे गेल्या आणि सगळं सांगून आल्या. त्यांना दुसऱ्या वॉर्डात पाठवलं. जाताना त्या भावनासमोर उभ्या राहिल्या. भावनाने मान फिरवली, आणि त्याही न बोलता गेल्या. डॉक्टरांनी आम्हा सगळ्या आयांना बोलावून सांगितलं की इथून पुढे कुठल्याही आईच्या बाटलीतला थेंबही तिला स्वतःला विचारल्याशिवाय हलणार नाही. तिने होकार दिला तर तिच्या संमतीने तपासण्या होतील, मगच दूध. नाही म्हणाली तर कारण विचारायचं नाही.

डब्याच्या दुधाचा मंगळवार आला तसा गेला. भावनाचा मुलगा सायीसकट दूध पिऊ लागला आणि त्याचं वजन चढू लागलं. पहिल्यांदा काटा वर गेला तेव्हा सुशीलाने नर्सरीच्या दारातच फुगडीचा पवित्रा घेतला. सोनियाने तिला आत ओढलं, आणि जाता जाता माझ्याकडे बघून हसली. आमची दिलजमाई तिथे झाली.

माझी मुलगी मात्र डब्याच्या दुधाने पुन्हा पोट फुगवू लागली. माझं दूध थोडं वाढलं होतं, पुरेसं नव्हतं. मी भावनाला काही विचारलं नाही. आम्ही शेजारी शेजारी बसून दूध काढायचो, ती तिच्या भिंतीकडे बघत, मी माझ्या. लाडवाचा डबा मी मध्ये ठेवायची. ती उघडायची नाही.

चौथ्या दिवशी मदर्स रूमच्या दाराशी सासूबाई आल्या. एरवी त्या बाहेरूनच हाक मारायच्या.

"आत येऊ का?"

भावनाने पदर सावरला. "या."

सासूबाई आत आल्या, पण बसल्या नाहीत. जिचं नाव मला सांगू नका म्हणून त्यांनी बजावलं होतं, तिच्यासमोर हात एकमेकांत गुंतवून उभ्या राहिल्या.

"तुझं नाव काय, बाई?"

"भावना लोकेश मेश्राम. बीरगांव." तिने एकेक शब्द सुटा करून सांगितला, आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

सासूबाईंनी ते नाव पुरतं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "भावना, माझी नात आजारी आहे. तुझ्या बाळाचं होऊन उरलं, तर तिला दूध देशील का?"

"नाही म्हटलं तर?"

"तर नाही. लाडू तरी खा. तुझ्यासाठीच वळून राहिले चार दिवस."

भावना माझ्याकडे वळली. "सांगून टाकलं का तुम्ही त्यांले लाडवांचं?"

"सांगितलं."

"मंग बोलल्या असतीन लय."

"अजून बोलून राहिल्या," मी म्हटलं. सासूबाईंनी माझ्याकडे डोळे वटारले, आणि भावनाच्या ओठांच्या कडा जरा हलल्या.

ती उठली. आधी स्वतःच्या मुलाची बाटली घेतली, फेस बसू दिला, टिकली लावली, झाकण लावलं. मग तिने डबा ओढला, एक लाडू फोडला, अर्धा तोंडात टाकला आणि सावकाश खाल्ला.

"डॉक्टरले म्हणा, माह्या तपासण्या करा. पण मी तिथंच बसीन. अन् ज्या दिवशी मी नाही म्हणन, त्या दिवशी नाही."

"हो," सासूबाई म्हणाल्या.

भावनाने टिकल्यांच्या पाकिटातून आणखी एक टिकली काढली आणि रिकाम्या, धुतलेल्या बाटलीला चिकटवली.

"अन् देताना हलवून द्या म्हणा," ती मला म्हणाली. "साय तिलेबी लागन."